वृद्धांच्या खोलीतील ब्लोअर

करमाडमध्ये घरातील मुलगा किंवा सून नोकरीस लागली की पहिला एसी अनेकदा वृद्ध आईवडिलांच्या खोलीत बसतो. वयोमानाने तहान मंदावते, घाम कमी येतो. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर शरीरातील पाणी आणखी घटते. अशा व्यक्तीसाठी मे महिन्यातील गार खोली ही चैन नव्हे.

दोन-तीन हंगामांनंतर मात्र तक्रारी सुरू होतात. ‘डॉक्टरसाहेब, एसी लावला की बाबांना खोकला येतो’, किंवा ‘आवाज येतो, पण गारवा नाही’. मग तापमान १८ वर आणले जाते. (जानेवारी २०२० पासून नव्या एसीचे मूळ तापमान २४ अंश ठेवलेले असते, वृद्धांना तेवढे पुरते.) नाहीतर दरवर्षी गॅस भरला जातो. वस्तुतः गॅस बंद नळ्यांतून फिरत असतो, वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर गळती आहे, आणि ती शोधल्यावाचून भरलेला गॅस पुन्हा जाणारच. माझा पहिला प्रश्न ब्लोअरविषयी असतो.

ब्लोअर म्हणजे खोलीतील यंत्रात बसवलेला लांब, नळकांड्यासारखा पंखा. जाळीतून निसटलेली धूळ त्याच्या बारीक, वक्र पात्यांवर बसते. पात्यांचा बाक भरला की पंखा फिरतो, परंतु हवा पुरेशी ढकलत नाही. मग कॉइलवर बर्फ साचतो आणि तो वितळून पाणी भिंतीवर ओघळते. ओलसर धुळीत बुरशी वाढते. दमा असलेल्यांचा खोकला वाढण्यास ती पुरेशी असते.

मुख्य बटण बंद करून हवा येते त्या फटीत बॅटरीचा प्रकाश टाकावा. पात्यांवर राखाडी थर किंवा काळे ठिपके दिसले, तर जाळी धुऊन भागत नाही; मेकॅनिककडून ब्लोअर साफ करून घ्यावा, आणि त्या वेळी रुग्णाला दुसऱ्या खोलीत बसवावे. जालना रस्त्याची धूळ पाहता हंगामात जाळी दर पंधरवड्यास धुवावी. हे पाक्षिक हाती आले की धुवावी, असे मी सांगतो. ती घरातील तरुणाने काढावी. सत्तरीतील व्यक्ती स्टुलावर चढलेली पाहिली की मला धुळीपेक्षा खुब्याच्या हाडाची चिंता वाटते.

नुसता घूंऽऽ आवाज येऊन पंखा फिरत नसेल, तर कपॅसिटर किंवा मोटार बिघडलेली असू शकते. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार उरतो. तेथे हात घालू नये. ऐन उन्हाळ्यात मेकॅनिक यायला दोन-चार दिवस लागतात. तोवर आजींना त्या बंद खोलीत ठेवू नये. घरातील सर्वांत गार जागी, पंख्याखाली त्यांची खाट टाकावी आणि तहान नसली तरी थोडे थोडे पाणी द्यावे. हृदयविकार वा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारावे. त्या असंबद्ध बोलू लागल्या, अंग तापले, गुंगी आली, तर पाणी पाजत बसू नये. ओल्या फडक्याने अंग पुसत, वारा घालत, तत्काळ रुग्णालयात न्यावे.