गाठीची नोंद

आलेल्या प्रत्येक कागदावर तारीख पडली पाहिजे, ही आम्हां केंद्र सरकारच्या कारकुनांची दीक्षा. भिलाईस बदलून आल्यापासून ती आम्ही घरच्या दोन मुक्या जिवांनाही लागू केली आहे. दर पगाराच्या दिवशी मोत्या कुत्रा आणि मनी मांजर यांच्या अंगावरून आम्ही सावकाश हात फिरवतो. ओठ, कान, काखा, पोट, बोटांच्या बेचक्या, काही सुटत नाही. हाताला लागलेली गाठ वा जखम जागा, आकार आणि तारीख यांसह वहीत उतरते.

कचेरीतले स्नेही हसतात. परंतु चरबीची निरुपद्रवी गाठ आणि मास्ट पेशींचे घातक अर्बुद ही दोन्ही बोटाला सारखीच मऊ लागू शकतात. दुसरे तर कधी फुगते, कधी ओसरते, आणि धन्यास वाटते, बरे झाले! म्हणून वाटाण्याएवढी, म्हणजे सुमारे १ सेंटिमीटरची गाठ महिनाभर टिकली की ती पशुवैद्यास दाखवावी. बारीक सुईने थोड्या पेशी काढून तो त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. बहुधा भूलही द्यावी लागत नाही.

आमची मनी पांढरीशुभ्र. अशा मांजरांच्या विरळ केसांच्या कानांना उन्हाने कर्करोग होतो, आणि भिलाईचे मे महिन्यातले ऊन तर ४५ अंशांना भिडते. हा रोग पुष्कळदा गाठ होऊन येतच नाही. न भरणारी खपली होऊन येतो. गतवर्षी 'डावा कान, खपली' ही नोंद लागोपाठ दोनदा पडली, तेव्हा आम्ही मनीला दुर्गजवळच्या अंजोऱ्यास, पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेले. रोग कानाच्या टोकापुरताच होता. तेवढे टोक गेले, मनी राहिली.

शेजारच्या बिऱ्हाडातील कुत्रीच्या स्तनातही गाठ होती. "आता बदली होईलच, पुढच्या गावी दाखवू," असे ठरले. हुकूम आठ महिन्यांनी आला. तोवर रोग फुप्फुसांत पोहोचला होता.

१९५९ साली पहिली झोतभट्टी पेटल्यापासून भिलाई हे बाहेरून आलेल्या नोकरदारांचेच गाव आहे. आपल्यासारख्यांची गावे बदलतात, त्यांबरोबर पशुवैद्यही बदलतात, आणि जनावराला आपला पूर्वेतिहास सांगता येत नाही. तेव्हा सामान बांधताना मुलांच्या शाळेच्या दाखल्यांजवळ ही वहीही आठवणीने ठेवावी.