रेती पाहायला जैसलमेर

मुलचेऱ्यात थंडी पडते असे सांगितले की बाहेरचे पाहुणे हसतात. त्यांना आमच्या भागाचा उन्हाळाच ठाऊक. पण दिवाळी झाली की संध्याकाळी पाचलाच जंगलातून गारवा उतरायला लागतो, दिना नदीकडून धुके येते आणि सकाळी प्रार्थनेला पोरे हात बगलेत घालून उभी राहतात. सासूबाईंचे गुडघे याच दिवसांत आखडतात. गेल्या हिवाळ्यात त्या महिनाभर शेकोटीपासून हलल्या नाहीत. तेव्हाच मी यांना म्हटले, पुढच्या वर्षी आईंना चार दिवस कुठेतरी उबदार जागी नेऊ.

‘उबदार म्हणजे कुठं?’

‘वाळवंटात. जैसलमेरला.’

मी शाळेत भूगोल शिकवते. वाळवंट म्हणजे ऊन आणि ऊन म्हणजे ऊब, इतका सरळ हिशेब मी केला होता.

पहिला आक्षेप सासूबाईंचाच आला. ‘रेती पाहाले एवढ्या दूर? वैनगंगेत का कमी हाये?’ त्यांचे खोटे नव्हते. पाणी उतरले की वैनगंगा आणि प्राणहितेच्या पात्रात नजर पोचेल तिथवर रेतीच असते. यांचा आक्षेप वेगळा. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४७ अंशांपर्यंत जातो. तिथल्या माणसाने ऊन शोधायला राजस्थानात जावे, हे कुणाला सांगायची सोय नाही.

माझ्या बाजूने बोलली ती फक्त शेजारची बौदी. साठच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे आमच्या तालुक्यात वसवली गेली, त्यांतल्या एका घरातली ती सून. जैसलमेर हे नाव ऐकताच तिने हातातला मासळीचा डबा ओट्यावर ठेवला. ‘शोनार केल्ला!’ सत्यजित राय यांचा हा सिनेमा १९७४ सालचा. पूर्वजन्म आठवणारा मुकुल नावाचा मुलगा आणि त्याचा माग काढणारा गुप्तहेर फेलूदा, अशी ती गोष्ट जैसलमेरच्या किल्ल्यात संपते. बौदी कधी राजस्थानात गेलेली नाही, पण किल्ला तिला पाठ. पिवळ्या दगडाचा आहे, म्हणून उन्हात सोन्यासारखा दिसतो. आत आजही माणसे राहतात, कपडे वाळत घालतात, असे ती शेजारच्या गल्लीविषयी सांगावे तसे सांगत होती. रावळ जैसल याने ११५६ साली तो बांधायला घेतला आणि २०१३ साली तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, ही भर मी घातली. त्यात तिला फारसा रस नव्हता. ‘मुकुलचं घर बघून या,’ एवढेच ती म्हणाली.

मग मी एका तंबूवाल्याला फोन लावला. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर सम नावाच्या गावाजवळ वाळूच्या टेकड्या आहेत. तिथे पर्यटकांसाठी तंबू लावतात. भाडे, जेवण, उंट असे सगळे सांगून झाल्यावर तो म्हणाला, ‘कंबल और रज़ाई दोनों मिलेगा, मैडम.’

वाळवंटात रजाई कशाला?

फोन ठेवला आणि तापमान शोधले. डिसेंबर-जानेवारीत दिवसा पंचविसाच्या आसपास आणि रात्री दहाच्याही खाली! कारण मला माहीत असायला हवे होते. वाळू लवकर तापते तशी लवकर निवते. हवा कोरडी, आभाळ मोकळे, त्यामुळे दिवसभराची उष्णता रात्री सरळ वर निघून जाते. आमच्याकडे झाडे आणि हवेतला ओलावा ती थोडीफार अडवून धरतात. म्हणजे मी आईंना थंडीतून उचलून जास्त थंडीत नेणार होते.

बेत मोडला नाही, पुढे सरकला. माघ उजाडला की तिकडच्या रात्री जरा सौम्य होऊ लागतात आणि दिवसाचे ऊन तर गुडघ्यांना हवे तसेच. शिवाय माघ पौर्णिमेच्या सुमारास जैसलमेरचा मरू महोत्सव असतो. पण त्याआधी निघू म्हटले तरी जमले नसते, हे कॅलेंडर घेऊन बसल्यावर कळले.

आमच्या भागात हिवाळा रिकामा नसतोच. आधी धान कापायचे, मग चुरायचे, मग पोती खरेदी केंद्रावर न्यायची. पैसे खात्यात पडेपर्यंत तिकिटाचे नाव काढायचे नाही. त्यातच शंकरपट, मंडई आणि नाटके. झाडीपट्टीत वडशाच्या कंपन्या दिवाळीनंतर गावोगाव नाटके घेऊन निघतात. रात्री उशिरा पडदा उघडतो, तो पहाटेपर्यंत पडत नाही. गावात नाटक म्हणजे घराघरात पाहुणे. ‘नाटकाच्या दिवसांत घराले कुलूप?’ सासूबाई म्हणाल्या. त्या स्वतः घोंगडी पांघरून तणसावर रात्रभर बसतात आणि त्या रात्री गुडघ्यांचा शब्द काढत नाहीत. हे मी एकदा बोलून दाखवले, तर म्हणाल्या, ‘नाटकात ध्यान राह्यते ना, बाई.’

पलीकडची हद्द मार्कंड्याची. महाशिवरात्रीला तिथली जत्रा आमच्या घरात कधी चुकलेली नाही. माघ पौर्णिमा ते महाशिवरात्र यांत जेमतेम दोन आठवडे. म्हणजे पौर्णिमेला तिकडे पोचायचे आणि जत्रेच्या आधी परत यायचे. वर्षभरात आम्हाला मिळणारी फट एवढीच.

वाट अशी ठरली: आष्टी, गोंडपिपरीवरून बल्लारशा, तिथून चेन्नई-जयपूर एक्सप्रेस, पुढे जयपूरहून बिकानेरमार्गे जाणारी लीलण एक्सप्रेस. लोकदैवत तेजाजींच्या घोडीचे नाव त्या गाडीला दिले आहे, हे कळल्यावर मुलीने तीच गाडी हवी म्हणून हट्ट धरला.

पाहायच्या जागांची यादीही तिनेच केली. गडीसर तलाव, पटव्यांच्या हवेल्या, पालीवालांनी सोडून दिलेले कुलधरा. त्यात मी एक नाव घातले, आकल. जैसलमेरपासून सतरा किलोमीटरवर, बाडमेरच्या रस्त्याला, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे वृक्ष दगड होऊन पडले आहेत. तसेच दगडी ओंडके आमच्याकडे सिरोंचा तालुक्यात वडधमला आहेत. त्याच तालुक्यात पोचमपल्लीजवळ एका प्रचंड डायनोसॉरची हाडे सापडली. त्याचे नाव बारापासॉरस टागोराय. रवींद्रनाथ टागोरांचे नाव लावलेल्या त्या प्राण्याचा सांगाडा आज कोलकात्यात उभा आहे. हे ऐकून बौदी म्हणाली, ‘बारा म्हणजे बारा नाही हो, बडो. बडो पा, मोठा पाय.’ यांना डायनोसॉरचे काही नाही. सागाच्या जंगलात वाढलेला माणूस. आज सावलीला झाड मिळत नाही तिथे एकेकाळी जंगल होते, हेच त्यांना पाहायचे आहे. आक्षेप त्या दिवसापासून बंद झाले.

रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचे, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते ६० दिवसांवर आले. माघ पौर्णिमेतून साठ दिवस वजा केले की दत्तजयंती येते. पोचायला दोन दिवस लागणार, म्हणून त्याच्या दोन दिवस आधी, ऐन चुरण्याच्या दिवसांत, सकाळी आठला मी शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळ मोबाइल धरून उभी होते, कारण रेंज तिथेच. दोनदा पान अडकले. तिसऱ्यांदा चारांपैकी तीन जागा पक्क्या झाल्या, चौथी प्रतीक्षायादीत. आईंना खालचा बर्थ मिळाला. धानाचे पैसे यायचे होते. तिकिटाचे मी पगारातून भरले.

चौथी जागाही परवा पक्की झाली. बौदीने यांच्यासाठी माकडटोपी आणून दिली आहे. तिच्या मते थंडीत टोपीशिवाय प्रवास करूच नये. काल रात्री पाहिले, सासूबाई घोंगडीची घडी करून पिशवीत कोंबत होत्या.

‘आई, तिकडं रजाई देतात.’

‘देत असतीन. पन रातभर बसाची सवय याच्यातच हाये.’