गूळ नंतर

पोर्टलंड, ओरेगन

चि. मिहिर,


तुझी रेसिपी मिळाली. सहा तऱ्हांचे माल्ट, चार तऱ्हांचे हॉप्स, वर संत्र्याची साल आणि गूळ! अरे, ही बिअर आहे की रुखवत? यातलं काय कशासाठी, ते तुलाही सांगता येणार नाही.

आधी ग्लासात काय हवंय ते ठरव आणि तिथून उलटा हिशेब कर. तुला आवडते ती अमेरिकन पेल एलच घे. १९ लिटर, सुरुवातीची घनता १.०५०, म्हणजे दशांशानंतरचे ५० गुणिले १९, ९५० गुण. एका किलो पेल माल्टमधून फार तर तीनशे गुण निघतात, घरच्या भांड्यात त्यातले सत्तर टक्के हाती लागतात. म्हणजे साडेचार किलो धान्य झालं. त्यात पाव किलो क्रिस्टल माल्ट, बाकी सगळं पेल माल्ट. क्रिस्टल घेण्याआधी चार दाणे चावून बघ. फिकट असेल तर टॉफीसारखं लागतं, गडद असेल तर मनुकांकडे झुकतं. जे जिभेला कळलं नाही, ते रेसिपीत लिहायचं नाही.

हॉप्स एकच घे, कॅस्केड. १९७२ साली आमच्या ओरेगनमधूनच तो बाहेर पडला आणि सिएरा नेवाडाच्या पेल एलने त्याला नाव मिळवून दिलं. पाकिटावर अल्फा आम्लाचा टक्का छापलेला असतो. तो साडेपाच असेल, तर उकळीच्या सुरुवातीला ४५ ग्रॅम टाक. तासभर उकळून तीसेक आयबीयू कडूपणा येतो, पण वास सगळा वाफेबरोबर जातो. म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत आणखी २८ ग्रॅम. टक्का दर पिकाला बदलतो, तेव्हा वजन डोळे मिटून उतरवू नकोस.

खरी गंमत यीस्टची. वर्ट, म्हणजे माल्टचं उकळलेलं गोड पाणी, थंड झालं की दोन बरण्यांत वाटून घे. एकीत अमेरिकन यीस्ट, दुसरीत इंग्लिश. धान्य तेच, हॉप्स तेच, तरी इंग्लिश बरणीला फळांचा वास येईल. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तर कोणी काय केलं ते कळतं.

गूळ नंतर, ब्राउन एलमध्ये. तो जवळजवळ सगळा आंबतो. मद्य वाढतं आणि बिअर पातळ लागते. घालशील तेव्हा तेवढे गुण माल्टमधून वजा कर.

रे डॅनियल्सचं ‘डिझायनिंग ग्रेट बिअर्स’ मिळालं तर घे. १९९६चं आहे, पण स्पर्धेत पुढे गेलेल्या रेसिपींची त्याने केलेली मोजदाद अजून कामाची आहे.

आणि हो, सुट्टीत पुण्याला हा उद्योग मांडू नकोस. इथे १९७८च्या कायद्याने घरच्या बिअरवरचा केंद्राचा कर गेला. तिकडे १९४९चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय गाळणं गुन्हा. ताईला मात्र यातलं काही सांगायचं असेल, तर तूच सांग.

तुझी,
मावशी