आजोबांची फियाट आणि पाण्यासारखं ऑइल

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा हॉस्टेलवर आम्ही सगळ्यांनी तिचे फोटो स्टेटसला ठेवले होते. मी त्या रात्री सुरतेला आजोबांना फोनही केला. ते म्हणाले, "टॅक्सी गेल्या रे भाऊ, आपली आहे ना खाली उभी!"

आपली म्हणजे १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगपाशी. नाव पद्मिनी असलं तरी आमच्या घरात ती कायम 'फियाट'च. आजोबा अमळनेरहून नोकरीसाठी सुरतेला आले आणि पुढे कधीतरी त्यांनी ही सेकंडहँड घेतली.

मे महिन्याच्या सुट्टीत फ्लाइंग राणीने घरी पोचलो, तर आजोबा म्हणाले, "यंदा ऑइल तू बदल. माझे गुडघे आता गाडीखाली जात नाहीत." मला भारीच वाटलं. शिकवण्यांचे साठवलेले पैसे होते. दुकानातलं सगळ्यात महागाचं ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक उचललं. आजोबांनी कॅन हातात फिरवून पाहिला, "महाग दिसतंय," एवढंच म्हणाले आणि परत दिला.

दोन दिवसांनी त्यांना घेऊन डुमसला टोमॅटोची भजी खायला गेलो. येताना ऊन रणरणत होतं, सिग्नलला लांब रांग. गाडी उभी राहिली आणि डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लुकलुकून पक्का लागला. "बंद कर. आत्ता!" आजोबा ओरडले. मागून हॉर्नचा कल्ला. दोन रिक्षावाल्यांनी धक्का मारून गाडी कडेला लावून दिली.

मिस्त्रीने डिपस्टिक ओढून ऑइल दोन बोटांत चोळलं. "आमां पाणी जेवुं ऑइल कोणे नाख्युं?" मी आजोबांकडे पाहिलं. आजोबा रस्त्याकडे पाहत होते.

मग मिस्त्रीने समजावलं, बाकीचं मी घरी येऊन वाचलं. डब्ल्यू म्हणजे विंटर. ५डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे ३० अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. सुरतेला दोन्हींचा काय उपयोग? इथे थंडीत कानटोपी निघते ती हौसेने. आपल्या कामाचा तो दुसरा आकडा, इंजिन तापल्यावर ऑइल किती दाट राहतं ते सांगणारा. जुन्या इंजिनात बेअरिंगच्या फटी झिजून मोठ्या झालेल्या असतात. पातळ ऑइल त्यांतून सटकतं, दाब पडतो आणि लोखंडावर लोखंड घासायला लागतं. ५० नंबरचं दाट ऑइल तिथे टिकतं.

आणखी एक गोष्ट. या इंजिनाचे टॅपेट सपाट बुडाचे, कॅमशाफ्टवर सरळ घासणारे. त्यांना झिजेपासून वाचवतं ते ऑइलमधलं जस्त आणि फॉस्फरसचं मिश्रण. नव्या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस बाधतो, म्हणून नव्या पातळ ऑइलांत ते कमी केलंय. म्हणजे माझं ऑइल वाईट नव्हतं. ते दुसऱ्याच इंजिनासाठी बनवलेलं होतं.

दिवा लागताच गाडी बंद केली म्हणून बेअरिंगं वाचली. मिस्त्रीने साधं, खनिज २०डब्ल्यू-५० भरलं. माझ्या कॅनच्या निम्म्याहून कमी किमतीत!

रात्री आजोबांनी गाडीची वही काढली. प्रत्येक ऑइलची तारीख, किलोमीटर, नंबर. ऑगस्ट २००६ च्या पानावर नेहमीपेक्षा जास्त ओळी होत्या. त्या पुरात आम्ही अडाजणला होतो, गाडी बॉनेटपर्यंत पाण्यात. मी दोन वर्षांचा. पाणी ओसरल्यावर शेजारचे चाव्या फिरवत सुटले, आजोबांनी चावीला हात लावला नाही. आधी ऑइल उतरवलं, ते दुधाच्या चहासारखं निघालं. नवं भरून पुन्हा उतरवलं. मग तिसऱ्यांदा भरून गाडी सुरू केली.

ज्या माणसाने एवढं करून हे इंजिन वाचवलं, त्याला माझा कॅन पाहून काहीच कळलं नसेल? मी विचारलंच.

"कळलं होतं ना," ते म्हणाले. "पण तू पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने काहीतरी आणलं होतंस. म्हटलं, डुमसपर्यंत जाऊन येईल. माझीच चूक."

मला काय बोलावं सुचेना. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. मी आजची तारीख टाकून २०डब्ल्यू-५० लिहायला लागलो, तर म्हणाले, "आधीचं पण लिही. दोन दिवसांचं असलं तरी गाडीच्या पोटात गेलं होतं ना!"

लिहिलं. आता त्या वहीत माझ्या अक्षरातल्या दोन नोंदी आहेत. दिवाळीला तिसरी होईल.