मिक्सरवर परतताना
मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली आणि साउंडच्या कामातली बरीच अनुभवी माणसं दुसऱ्या पोटापाण्याला लागली. काही जण घरच्या जबाबदाऱ्यांमुळे त्याआधीच बाहेर पडले होते. त्यांतलं कुणी परतू पाहिलं की सल्ला ठरलेला असतो: कान तयार आहे ना, मग दोन प्रयोगांत नवा मिक्सर हाताला बसेल. हा सल्ला मला अर्धाच पटतो. मिक्सर खरोखरच लवकर हाताला बसतो; गेन, इक्यू, कॉम्प्रेसर, ऑक्स ही सगळी डिजिटल मिक्सरमध्येही आहेत, फक्त पडद्यामागच्या पानांत गेली आहेत. तयार कानही सहजी जात नाही. पण दोष ऐकू आल्यावर हात ज्या उपायाकडे धावतो, तो उपाय जुन्या यंत्रणेचा असतो. ती सवय मोडायची तर रीतसर प्रशिक्षणच लागतं.

नाटकच घ्या. पूर्वी रंगमंचाच्या कडेला ठेवलेल्या आणि वर टांगलेल्या मोजक्या माईकवर प्रयोग निभायचा. आता अनेक प्रयोगांत प्रत्येक नटाच्या अंगावर वायरलेस माईक असतो. दोन पात्रं जवळ आली की एकाचा आवाज दोन्ही माईकमध्ये शिरतो. दुसरा माईक तोंडापासून ३४ सेंटीमीटर जास्त लांब असेल, तर तिथे आवाज साधारण एक मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. मिक्सरमध्ये दोन्ही एकत्र झाले की ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा ठिकाणी खड्डे पडतात आणि वाक्य पोकळ ऐकू येतं. जुना हात इक्यूवर जातो आणि ५०० वाढवतो. खड्डा भरत नाही, कारण वाढवलेला भाग दोन्ही वाटांनी वाढून पुन्हा एकमेकांना खोडतो. खरा उपाय म्हणजे संहिता समोर ठेवायची आणि जो बोलत नाही त्याचा फेडर वाक्यागणिक खाली घ्यायचा. दोष वेळेचा आहे हे कळल्याशिवाय हा उपाय सुचत नाही, आणि नुसता कान ते सांगत नाही. त्याला फक्त पोकळपणा कळतो.

मोकळ्या मैदानात हेच मोठ्या मापाने घडतं. मुख्य स्पीकरपासून ६० मीटरवर डिले स्पीकर लावले, तर दुपारी ३० अंश तापमानात आवाज तिथवर सुमारे १७२ मिलिसेकंदांत जातो. डिसेंबरच्या रात्री पारा १२ अंशांवर आला की १७७ लागतात. दुपारच्या साउंडचेकला जुळवलेली वेळ रात्रीच्या मैफलीत हटलेली असते. मापनाचा माईक आणि संगणक हा फरक दाखवतात, पण पडद्यावरची रेघ वाचायला शिकावं लागतं.

ही विद्या उस्तादाच्या हाताखालीच येते, हा आक्षेप वजनदार आहे. गायकाचा स्वभाव ओळखणं, तबल्याच्या बायाँचा घुमारा किती ठेवायचा, हे कुठलाही वर्ग शिकवणार नाही. पण परतणाऱ्याकडे ते आधीच असतं. त्याला हवं ते दुसरंच असतं. शिवाय हाताखाली शिकताना चालू कार्यक्रमात चूक करून पाहता येत नाही. रिकाम्या सभागृहात मुद्दाम दोन माईक चुकीचे ठेवून ऐकण्याची मुभा वर्गातच मिळते. व्हिडिओ फुकट आहेत हेही खरं, आणि ते जरूर पाहावेत. पण खड्डा पडलेला आवाज खोलीत उभं राहून ऐकल्याशिवाय तो पुढे ओळखता येत नाही.

पैशाचा आक्षेप सर्वांत खरा आहे. रोजावर काम करणाऱ्याला फी आणि बुडालेले दिवस, दोन्ही भरावे लागतात. म्हणून लांबलचक पदविकेपेक्षा यंत्रणा जुळवणी आणि वायरलेसचं नियोजन एवढ्यापुरता छोटा अभ्यासक्रम मला योग्य वाटतो. वायरलेस यासाठी की २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइल सेवेसाठी विकला गेला. त्या पट्ट्यातले जुने संच बाळगणाऱ्याने आधी हे तपासावं. आणि वर्गात जाण्याआधी श्रवणचाचणी करून घ्यावी. वयाबरोबर वरचे सूर कमी ऐकू येतात, आणि ती कसर भरायला माणूस नकळत ट्रेबल चढवत राहतो.

अभ्यासक्रम निवडताना एकच प्रश्न विचारा: प्रत्यक्ष सभागृहात, चालू यंत्रणेवर, माझ्या हातात किती तास मिळणार? उत्तर गोलमोल आलं, तर फी भरू नका.