खोडलेल्या ओळी

फी भागावी म्हणून मी रात्री तालुक्याच्या एका दूध संघात संगणकावर बसतो. घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. त्यामुळे बाबा सगळ्यांना ‘पोरगा हापिसात आहे’ असे सांगतात. प्रत्यक्षात मशीनवर लक्ष ठेवणे एवढेच माझे काम.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री डिस्क भरत आली. सकाळी ६ वाजता गावोगावचे लिटर नि फॅट येऊ लागणार; डिस्क भरली तर शेतकरी पावतीशिवाय घरी जाणार. हुकूम आला, २०१८ पूर्वीच्या नोंदी काढून टाक, नक्कल वेगळी ठेवली आहे. त्यांत बाबांचे खातेही होते. म्हैस विकली ते साल २०१७. तीन लिटर, अडीच, शेवटी एक. किटली घेऊन मीच जात असे. हात क्षणभर थबकला. पण कळ दाबली.

आणि जागा तसूभरही वाढली नाही!

मला घाम फुटला. वरच्या हुद्द्यावरच्या दादांना फोन लावला. “अरे, ओळ खोडली म्हणून वही पातळ होते काय?”

आमचा डेटाबेस पोस्टग्रेस. त्यात काढणे म्हणजे ओळीवर काट मारणे. कारण त्याच वेळी दुसरा कुणी वाचत असेल तर त्याला जुने पान जसेच्या तसे दिसले पाहिजे. ओळ दुरुस्त केली तरी जुनी काटली जाते, नवी लिहिली जाते. मग ‘व्हॅक्यूम’ नावाचा झाडूवाला काटलेल्या जागा पुन्हा लिहिण्याजोग्या करतो. २००८ पासून तो मुळातच आपोआप फिरता ठेवलेला असतो. पण वही बहुधा तेवढीच जाड राहते. पातळ करायची तर ‘व्हॅक्यूम फुल’: जिवंत ओळी नव्या वहीत उतरवायच्या, जुनी टाकून द्यायची. तोवर तिला कुणी हात लावायचा नाही, वाचायलासुद्धा नाही. आणि गंमत अशी, की नव्या वहीला आधी जागा हवी! (आमच्या एका खोलीच्या घरातली दिवाळीची आवराआवर अशीच, ट्रंका आधी अंगणात काढाव्या लागतात.)

जुन्या अहवालांच्या फायली दुसऱ्या डिस्कवर हलवल्या. काम सुरू केले, तर ते पुढे सरकेना. दुपारी कुणीतरी त्याच नोंदी वाचता वाचता व्यवहार उघडा टाकून घरी गेले होते. तो वाचक उठेपर्यंत झाडूवाला दाराबाहेर! दादांच्या सांगण्यावरून तो बंद केला. पावणेसहाला काम संपले. ६ वाजता पहिली नोंद पडली.

घरी आल्यावर बाबांना सांगितले, तुमच्या नोंदी मी काढल्या.

“हिशेब चुकता होता ना?”

“होता.”

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “म्हशीचं नाव होतं का रे त्यात?”

“नाही बाबा. नुसते लिटर नि फॅट.”