दहीभात आणि उपडा ग्लास

टॉलस्टॉयचा मार्तिन तळघरात राहतो. खोलीला खिडकी एकच, तीही रस्त्याच्या पातळीला. त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे त्याला नुसते पाय दिसतात. पण हा पडला मोची. गावातल्या बहुतेक बुटांना त्याचा हात लागलेला. बूट बघून तो माणूस ओळखतो.

सोलापूरच्या नव्या पेठेत दिवाळीच्या तोंडावर पायांकडे बघायला फुरसत कुणाला? तरी ही १८८५ची गोष्ट वाचायला मला कापडदुकानांच्या या गर्दीतच बरं वाटतं, कारण ती बाजारासाठीच लिहिलेली. आदल्याच वर्षी टॉलस्टॉय आणि चेर्तकोव यांनी 'पोस्रेदनिक' ही प्रकाशनसंस्था काढली होती. तिची चिटुकली पुस्तकं एक-दोन कोपेकला मिळत आणि फेरीवाले ती खेडोपाडी विकत. 'युद्ध आणि शांती' लिहिणारा उमराव असा गाठोड्यात बसून दारोदार निघाला.

मार्तिनला रात्री देवाचा आवाज येतो : उद्या मी येईन. दिवसभर तो खिडकीला डोळे लावून. येतो कोण, तर बर्फ उपसून दमलेला म्हातारा शिपाई, स्तेपानिच. मार्तिन त्याला आत बोलावून चहा पाजतो. स्तेपानिच ग्लास रिकामा करून उपडा घालतो, वर उरलेला साखरेचा खडा ठेवतो. म्हणजे पुरे. पण आणखी हवाय, हे चेहऱ्यावर दिसतंच. मार्तिन पुन्हा ओततो. पुढे बाळाला घेऊन कुडकुडणारी बाई येते, सफरचंदवाली येते. रात्री कळतं, येणारा येऊन गेला. शेवटी टॉलस्टॉय मार्तिनच्या हाती बायबल देऊन अर्थ वाचून घेतो, ते मात्र मला खटकतं. उपड्या ग्लासानं काय कमी सांगितलं होतं?

अशीच एक गोष्ट इथून हाकेच्या अंतरावर, सिद्धेश्वराच्या देवळात सांगतात. ती बाराव्या शतकातली. शेत राखणाऱ्या सिद्धराम नावाच्या पोरासमोर एक जंगम उभा राहतो, नाव सांगतो मल्लय्या. सिद्धराम त्याला हुरडा देतो. हुरड्यानं पोटात आग पडली, म्हणून त्याला दहीभात हवा. पोरगं घरी पळतं, दहीभात घेऊन येतं, तर मल्लय्या गायब! शोधत शोधत ते श्रीशैलाला पोचतं. तिथं लोक लिंग दाखवतात, तर हे म्हणतं, हा माझा मल्लय्या नव्हे. कड्यावरून उडी घेणार, तेव्हा कुठे देव हात धरतो.

मागायचं आणि आणेपर्यंत पसार व्हायचं, ही खोडी रशियन देवाला जमत नाही. तो मुकाट्यानं चहा पिऊन जातो. मल्लय्या पोराला रानोमाळ पळवतो, आणि मला हाच जास्त आपला वाटतो.

श्रीशैलाहून परतलेला सिद्धराम डोळे मिटून बसला नाही. गावात तळं खोदायला लागला. टॉलस्टॉयलाही हातानं काही करावंसं वाटलंच. तो बूट शिवायला शिकला. १८८५ साली कवी फेतनं त्याच्याकडून सहा रूबलला एक जोड घेतला, वर तसा लेखी दाखलाही दिला. तेवढ्या पैशात 'पोस्रेदनिक'च्या पुस्तकांचं अख्खं गाठोडं आलं असतं.